मध्यंतरातली गाठ

१

गोल झाला होता. मी तो माझ्या कागदावर मांडलाही होता. कुंपणाशी उभी असलेली थोडीफार मंडळी, म्हणजे खेळाडूंचे नवरे, आया, एक-दोन कुत्री, सगळी एकदम ओरडत होती. आमच्या मुली कप्तानच्या अंगावर जाऊन पडल्या होत्या. बरोबरीत अडकलेला सामना, संपत आलेली वेळ आणि त्यात हा गोल. क्लब निघाल्यापासून पहिल्यांदाच आम्ही वरच्या गटात जाणार होतो.

तेवढ्यात समोरच्या संघाच्या प्रशिक्षक बाईंनी हात वर केला.

"काठी तपासा," त्या पंचांना म्हणाल्या.

लॅक्रोस फार थोड्यांनी पाहिलेला असतो, म्हणून आधी थोडं सांगतो. खेळाडूच्या हातात एक काठी असते. तिच्या टोकाला दोऱ्यांची जाळी, ओंजळीसारखी. त्या ओंजळीत चेंडू झेलायचा, पळत न्यायचा, फेकायचा. ओंजळ जितकी खोल तितका चेंडू तिच्यात बसून राहतो. म्हणून नियम असा, की चेंडू जाळीत ठेवून काठी आडवी धरली तर त्याचा माथा कडेच्या वर दिसला पाहिजे. दिसला नाही तर काठी बाद. गोलही बाद.

सामन्याआधी पंचांनी सगळ्या काठ्या तपासल्या होत्या. कप्तानची काठी तेव्हा अगदी नियमात होती. मी गुणलेखक, शेजारीच उभा होतो. आता पंचांनी तिच्या जाळीत चेंडू ठेवला, काठी डोळ्यांसमोर आडवी धरली आणि मान हलवली.

चेंडूचा माथा बुडाला होता. फार नाही, नखाएवढा.

गोल रद्द झाला. कप्तानला बाहेर बसवलं. एक खेळाडू कमी झाल्यावर जे व्हायचं ते झालं. समोरच्यांनी गोल केला आणि शिट्टी वाजली.

कप्तान माझी भाची. पेशाने नर्स आहे, त्यामुळे तिला रडताना मी क्वचितच पाहिलंय. ती बाकावर बसून काठी उलटीसुलटी करत होती. जाळीच्या तळाशी एक दोरी असते. ती ओढली की जाळी वर येते, सोडली की खाली जाते. त्या दोरीच्या गाठीवर तिचं बोट थांबलं.

"मामा," ती हळूच म्हणाली, "ही गाठ मी मारलेली नाही."

२

आमचा क्लब म्हणजे एक मैदान, एक पत्र्याची शेड आणि शेडमध्ये एक किटली. क्लब काढला उस्तादांनी. तेव्हा या गावात लॅक्रोस हा शब्द उच्चारता येणारे ते एकटेच होते. आता बेकरीवाली, नर्स, शिंपीण, शाळेतली बाई, कोणकोण येतात. कुणाचं लग्न मोडलं तर सगळ्या मिळून सामान हलवायला जातात. कुणाला मूल झालं तर महिनाभर डबे पोचतात. मी ग्रंथपाल होतो, निवृत्त झालो, आणि भाचीने मला गुण लिहायला बसवलं. माणसांत मिसळणं मला कधी जमलं नाही. पण गुण लिहिणाऱ्याशी कुणी फार बोलत नाही, त्यामुळे मी टिकलो.

सामन्यानंतर शेडमध्ये किटली तापत होती आणि कोणी चहा ओतून घेत नव्हतं.

"काठी दोनदाच कप्तानच्या हातातून सुटली," सेक्रेटरी म्हणाले. ते दातांचे डॉक्टर. बोलतातही असे, की आता दुखणार हे आधीच कळावं. "एकदा तपासणीच्या वेळी, तेव्हा ती ठीक होती. आणि एकदा मध्यंतरात. मध्यंतरात सगळ्या काठ्या बाहेर, बाकाशेजारच्या कठड्याला टेकवलेल्या होत्या. आपण सगळे आत होतो. बाहेर कोण होतं?"

सगळ्यांची नजर एकाच दिशेला गेली.

दाराशी टपाल उभी होती. ती घरोघर टपाल वाटते, म्हणून हे नाव. राखीव खेळाडू. मोसमभर बहुतेक वेळ बाकावर. आठवड्यापूर्वी कप्तानने तिला पुन्हा वगळलं, तेव्हा कपडे बदलताना ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "एक दिवस तुझी काठी दगा देईल ना, तेव्हा येशील माझ्याकडे!" त्या वेळी सगळ्या हसल्या होत्या.

"बाहेर मी होते," टपाल म्हणाली.

"मग काही सांगायचंय?"

"नाही."

"एवढंच?"

"डॉक्टर, तुम्ही तोंड उघडायला सांगितलं म्हणून सगळेच उघडतात असं नाही."

एरवी यावर शेड दणाणली असती. आज बेकरीवालीच्या ओठांचा एक कोपरा हलला, तेवढंच. टपालने पिशवी उचलली आणि ती निघून गेली. रविवारी सभा बोलवायची आणि तिला क्लबातून काढायचं का, यावर मत घ्यायचं, असं ठरलं.

टपाल लाँड्रीच्या वरच्या खोलीत एकटी राहते. या गावात तिचं कोणी नाही. बदली होऊन आली तेव्हा रस्त्यात उभी राहून ती मैदानातला खेळ बघत होती आणि उस्तादांनी तिला आत बोलावलं. तिची आजारपणं, वाढदिवस, सुट्टीच्या दिवशीचं जेवण, सगळं या शेडमध्ये झालं. तिला इथून काढलं तर ती दुसरीकडे कुठे जाणार?

बाहेर पडताना बेकरीवालीने माझा कोट धरला. "मामा, तुम्ही लायब्ररीतली रहस्यकथांची कपाटं रिकामी केलीत ना? मग रविवारच्या आत शोधा की कोणी केलं ते!"

"अगं, त्या वाचल्या. लिहिल्या नाहीत. आणि त्यातल्या निम्म्यांत माझा अंदाज चुकला."

"निम्म्यांत बरोबर आला ना? पुष्कळ झालं."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेकरीत गेलो. बेकरीवाली आमची गोलरक्षक, तिला सगळ्या भिंत म्हणतात. हातांना पीठ, कपाळाला पीठ.

"बसा तिथे, पोत्यावर. मऊ आहे, खुर्चीपेक्षा बरं. विचारा."

"मध्यंतरात तू कुठे होतीस?"

"आत, खिडकीशी. संत्री सोलत होते. मैदान दिसत नाही तिथून, काच धुरकट आहे. आवाज मात्र येतो."

"आवाज कोणाचा?"

"कोणाचाच नाही. टपाल एकटीच होती ना बाहेर! एकदा उस्ताद तिच्यावर ओरडले तेवढं ऐकलं. 'कोट घाल आणि गप्प बस.' नेहमीचंच. त्यांना वाटतं आपण सगळ्या अजून सात वर्षांच्या आहोत." तिने कणकेचा गोळा फळीवर आपटला. "मला टपालचं वाईट वाटतं हो. पण दुसरं कोण असणार, सांगा ना. आमच्यातली प्रत्येक जण आत होती. मी डोकी मोजली."

"तू कधी तिच्याशी बोललीस? त्यानंतर?"

"काय बोलू? 'तू केलंस का गं' असं विचारू? तोंड नाही होत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आज पहाटे तिच्या दाराशी पाव ठेवून आले. बेल नाही वाजवली."

तिथून मी भाचीकडे गेलो. ती ड्युटीवरून आली होती, पाय गरम पाण्यात सोडून बसली होती. काठी टेबलावर होती. मी चष्मा वर सरकवून जाळी पाहिली. तळाची दोरी थोडी सोडून पुन्हा बांधलेली होती. गाठ पक्की, नीट बसलेली, दोरीची टोकं दोनदा आत खोचलेली. जाळीच्या तळाला बोट लावलं तर चिकट लागलं. त्यावर धूळ आणि दोऱ्याचे बारीक तंतू बसले होते.

"हे चिकट कसलं?"

"गवताचा चीक असेल. पहिल्या अर्ध्यात किती वेळा जमिनीवर घासली काठी! चेंडू सारखा निसटत होता मामा. हातात राहतच नव्हता. उस्ताद कडेने ओरडत होते, 'ओंजळ उथळ झालीय तुझी!'"

"मग मध्यंतरात तू दोरी का नाही सोडलीस?"

"सोडणार होते. आत गेल्यावर शिंपिणीच्या गुडघ्याला पट्टी बांधण्यात वेळ गेला. बाहेर आले, काठी घेतली, पळाले. आणि दुसऱ्या अर्ध्यात चेंडू काय छान बसत होता! मला वाटलं, मीच आता बरी खेळतेय." ती हसली, पण ते हसणं लगेच विझलं. "आधी मोसमाच्या सुरुवातीला उस्तादच आमच्या जाळ्या बांधायचे. यंदा म्हणाले, 'मी म्हातारा झालो, तुमचं तुम्ही बघा.' तेव्हापासून प्रत्येकीची गाठ वेगळी."

"तुला प्रत्येकीची ओळखता येते?"

तिने पाण्यातले पाय वर घेतले.

"हे मी सेक्रेटरींना सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. टोकं दोनदा आत खोचायची सवय एकीलाच आहे. पार्सलं बांधून बांधून." तिने टॉवेल ओढून घेतला. "मामा, ही गाठ टपालची आहे."

४

मला वाटलं, आता शोधण्यासारखं काही उरलंच नाही. खरं तर तेव्हाच थांबावं असं मनात आलं होतं. भाची माझी, गाठ दुसरीची, आणि मी काही न्यायाधीश नाही. पण घरी परतताना एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. कोणाचं वाईट करायचं असेल तर माणूस इतकी नेटकी गाठ मारील का? आणि स्वतःची ओळखीची गाठ मारील का?

टपाल दुपारी वाटप संपवून बागेतल्या नळावर तोंड धूत होती. मला पाहून म्हणाली, "मामा, तुमचं पत्र नाही आज. लाइटबिल आहे, ते उद्या देते. आजचा दिवस तरी सुखाने जाऊ दे."

"मी पत्रासाठी नाही आलो."

"ठाऊक आहे. भिंत म्हणाली असेल, मामा, शोधा."

आम्ही बाकावर बसलो. तिने पिशवी मांडीवर घेतली, दोन्ही हात तिच्यावर ठेवले. विचारायचं कसं, ते मला कळेना. शेवटी सरळच विचारलं.

"त्या जाळीची गाठ कोणी मारली?"

"मी."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. तिने नजर चुकवली नाही.

"गाठ मीच मारली, मामा. माझ्याच हाताने. आता जाऊ?"

"थांब गं. मग शेडमध्ये बोलली का नाहीस?"

"त्यांनी गाठीचं विचारलंच नाही. 'काही सांगायचंय का' असं विचारलं. सांगायचं नव्हतं."

"दोरी सोडली कोणी?"

तेवढ्यात तिच्या चेहऱ्यावर काहीतरी बंद झालं, एखादी खिडकी कोणी आतून ओढून घ्यावी तसं.

"मामा, तुम्ही पुस्तकं फार वाचता."

"रविवारी तुला काढतील."

"काढू देत." हे ती पटकन म्हणाली. मग तिने पिशवीची बक्कल लावली. "मी शेडमध्ये किती वेळ दाराशी उभी होते, पाहिलंत ना? मी वाट बघत होते. ज्याला बोलायचं होतं त्याला तोंड होतं. रविवारपर्यंत अजून बघीन वाट. पण त्याच्याऐवजी मी बोलणार नाही. तेवढं मात्र माझ्याकडून होणार नाही."

"आणि तो नाहीच बोलला तर?"

तिने पिशवीचा पट्टा खांद्यावर चढवला. "मग मी चुकले असं समजायचं. माणसाबद्दल."

ती फाटकाबाहेर गेली. ऊन होतं तरी तिने हातावर कोट घेतलेला होता. तो कोट बघता बघता भिंतीचं बोलणं मला आठवलं आणि मी बाकावरून उठलो तो जवळजवळ पळतच सुटलो.

कोट घाल आणि गप्प बस.

भिंतीने आतली डोकी मोजली होती. बाहेर टपाल एकटी होती, हे सगळ्यांनी सांगितलं. पण ओरडणारा माणूस कोणाच्या हिशेबात नव्हता. मैदानाच्या कडेला खांब असतो तसे उस्ताद असतात. ते तिथे आहेत हे कोणाला दिसतच नाही. आणि टपाल असं काय बोलली होती, की उस्तादांनी तिला गप्प बस म्हणावं?

५

तरी मला ते पटत नव्हतं. उस्ताद म्हणजे जाळी खोल करून जिंकण्यापेक्षा हरा, असं प्रत्येक नव्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगणारा माणूस. त्यांनी नियम मोडला असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार?

उस्तादांच्या घरी दार त्यांच्या बायकोने, वहिनींनी, उघडलं. "या भावजी. बरं झालं आलात. दोन दिवस झाले, धड जेवत नाहीत. सामन्याचं मनाला लावून घेतलंय."

उस्ताद खिडकीशी बसले होते. उजव्या हातात एक चेंडू होता आणि तो ते दाबत होते, सोडत होते. मला पाहताच हात त्यांनी शालीखाली घेतला.

"ये ग्रंथपाल. हरलो आपण."

"हो." येताना मी भाचीकडून सामन्याचा चेंडू खिशात टाकला होता आणि तिची काठीही आणली होती. ती कुठे ठेवावी ते कळेना, म्हणून मांडीवर आडवी धरली. "तुमच्या हातातला चेंडू बघू का?"

"कशाला?"

उत्तर वहिनींनीच दिलं. "दाखवा की! त्यात काय लाजायचं? भावजी काय परके आहेत? डॉक्टरांनी सांगितलंय, हाताला कंप आहे तर चेंडू दाबत जा. हातातून निसटायचा सारखा, म्हणून मीच त्याला चिकटपट्टी गुंडाळून दिली. सुटली की वरून आणखी गुंडाळते. आता बघा, केवढा झालाय."

उस्तादांनी डोळे मिटले. वहिनींनी त्यांच्या शालीखालून चेंडू काढून माझ्या हातात दिला. पट्टीच्या थरांवर थर होते, कडा उचकटलेल्या, बोटांना चिकटणाऱ्या, त्या जाळीच्या तळासारख्याच. मी तो कप्तानच्या जाळीत ठेवला आणि काठी डोळ्यांसमोर धरली. माथा कडेच्या वर दिसत होता. नियमात, अगदी बेताचा, उस्तादांच्या हाताला शोभेल असा.

मग मी खिशातून सामन्याचा चेंडू काढला आणि त्याच जागी ठेवला. तो बुडाला. नखाएवढा.

वहिनींना सगळं कळलं नसावं, पण काहीतरी वाईट झालंय एवढं कळलं. त्या हळूच खुर्चीच्या हातावर टेकल्या.

"पंचाने चेंडू टाकला ना," उस्ताद म्हणाले, "तेव्हाच कळलं मला. तेव्हाच. खिशात हात घातला आणि हा चेंडू हाताला लागला."

"मध्यंतरात काय झालं?"

"पोरीचा चेंडू निसटत होता. मला राहवेना. म्हटलं, एकदाच, शेवटचं. दोरी सोडली, मापाला खिशातला चेंडू टाकला. हातात जो होता तो. डोक्यातच आलं नाही, की हा तो चेंडू नाही. आयुष्यभर मापाचा चेंडू माझ्या उजव्या खिशात असायचा, ग्रंथपाल. हात आपोआप तिथे जातो." ते थांबले. "आणि गाठ मारायला गेलो तर मारता येईना. बोटं ऐकेनात. ती पोरगी बाकावर होती. म्हणाली, 'उस्ताद, मी बांधू का?' मी खेकसलो तिच्यावर. कोट घाल, गप्प बस. तरी ती आली, हातातून दोरी घेतली, बांधून दिली. म्हणाली, 'तुमच्या हाताचं कोणाला सांगत नाही.' मी मागितलं नव्हतं. तिनेच दिलं वचन."

"आणि तुम्ही ते घेतलंत," वहिनी म्हणाल्या.

इतक्या वर्षांत मी त्यांना उस्तादांना उलटून बोलताना ऐकलं नव्हतं.

"तिचं नाव घेतलं गेलं तेव्हा मी शेडमध्ये होतो," उस्ताद म्हणाले. "बोलणारच होतो. आधी वाटलं, उद्या बोलू. मग वाटलं, निवळेल आपोआप. हात गेला हे कळलं तर मला मैदानावर कोण ठेवील? मला दुसरं काय येतं?"

तिलाही दुसरं कुठे जागा नाही, असं म्हणावंसं वाटलं. पण ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तिला आत बोलावणारे तेच होते.

"रविवारी मी बोलू, की तुम्ही?" मी विचारलं.

त्यांनी नुसता चेंडूसाठी हात पुढे केला. निघताना वहिनी दारापर्यंत आल्या, तेव्हाही आतून आवाज आला नाही.

६

रविवारी शेड भरली होती. टपाल शेवटच्या बाकावर बसली होती; तिच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी होती. सेक्रेटरींनी घसा साफ केला. मी खिशातला चेंडू घट्ट धरून बसलो होतो. मला चारचौघांत बोलता येत नाही; घरी आरशासमोर चार वाक्यं पाठ केली होती आणि त्यातली तीन आत्ताच विसरलो होतो.

दार उघडलं. उस्ताद आत आले, मागे वहिनी. ते बसले नाहीत. उजवा हात त्यांनी खिशातून काढला आणि सगळ्यांना दिसेल असा पुढे धरला. तो हलत होता.

"हा बघा," ते म्हणाले. "आता ऐका."

त्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, वचनाचंही सांगितलं. सांगून झाल्यावर कोणीतरी रडत होतं. ती भिंत होती. सेक्रेटरींनी समोरचा कागद घडी करून ठेवला आणि ते चष्मा काढून पुसत राहिले.

"उस्तादांना काढायचं का, यावर कोणी मत मागणार असेल," मागून आवाज आला, "तर माझं मत 'नाही' असं लिहा." टपाल उभी होती. "मैदानावर यायला हात कशाला लागतो? तोंड लागतं. ते आहे त्यांना. थोडं उशिरा उघडतं, एवढंच."

या वेळी सगळे हसले. सुटल्यासारखे, डोळे पुसत हसले. सगळ्या तिच्याकडे जायला उठल्या. हसण्याच्या त्या गडबडीत ती दारातून कधी गेली ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

७

दुसऱ्या दिवशी भाची मला म्हणाली, "मामा, तुम्ही चला ना बरोबर. मला एकटीला जमणार नाही."

लाँड्रीच्या बाजूने लोखंडी जिना जातो. टपालने दार उघडलं. ती वाटपाला निघायच्या तयारीत होती. खोलीत एक पलंग, एक खुर्ची, खिडकीत वाळत घातलेला गणवेश. खुर्ची तिने मला दिली.

"पुढच्या सामन्यात तू सुरुवातीपासून खेळायचंस," भाची म्हणाली. तिने क्लबाचा नवा सदरा आणला होता, तो पुढे केला. "सगळ्यांनी ठरवलंय."

"अरे वा. बढती." टपालने सदरा घेतला, त्याची घडी नीट केली, आणि परत भाचीच्या हातात ठेवला. "नको."

"उस्तादांवर रागावलीस?"

"छे. उस्तादांचा हात चुकला, मग धीर खचला. म्हाताऱ्या माणसाचं होतं असं. मी तर रविवारच्या आधीच विसरले होते."

"मग? मी चुकले, ठाऊक आहे मला. पण ती गाठ तुझी होती गं! मी लगेच ओळखली. म्हणून मला वाटलं..."

"गाठ माझीच होती," टपाल म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "बिघडवायची असती तर मी इतकी चांगली बांधली असती का? आपण दोघी एका दिवशी क्लबात आलो. एका डब्यात जेवलो. तुला माझी गाठ ओळखता आली. मला नाही ओळखलंस."

भाचीच्या हातातला सदरा चुरगळला होता.

"एकदा दार वाजवायचं होतंस," टपाल म्हणाली. "त्या आठवड्यात रोज संध्याकाळी मी घरीच होते. भिंत पाव ठेवून गेली. बेल न वाजवता. पाव चांगला होता. पण बेल वाजवली असती तर..." तिने ते पुरं केलं नाही. पिशवी खांद्यावर घेतली. "चला, लोकांची बिलं पोचवायची आहेत. मामा, तुमचं अजून राहिलंय. हे घ्या."

जिन्याच्या तळाशी आमच्या वाटा फुटल्या. भाचीने तिला दोनदा हाक मारली. दुसऱ्या हाकेला तिने मागे न बघता हात वर केला, वाटपाच्या वाटेवरच्या कोणत्याही ओळखीच्या माणसाला करावा तसा, आणि ती पुढच्या दारी गेली.

ती अजून माझ्याकडे टपाल टाकते. बोलतो आम्ही. हवा, गुडघे, नवी पुस्तकं. क्लबाचं ती विचारत नाही, मीही काढत नाही. मी शोधलं ते बरोबर होतं, यात शंका नाही. पण ते शोधायला मी सगळ्यांत आधी तिच्याकडेच का गेलो नाही, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

पुढच्या मोसमात आम्ही वरच्या गटात गेलो. उस्ताद खुर्चीत बसून ओरडतात आणि जाळ्यांची मापं शिंपीण घेते. राखीव बाकावर आता एक नवी मुलगी बसते, चष्म्याच्या दुकानात काम करणारी. बरी खेळते. मध्यंतर झालं की तिला कोणी बाहेर एकटं बसू देत नाही. दोघी-तिघी तरी येऊन तिला हाताला धरून आत नेतात, संत्र्याच्या सगळ्यांत चांगल्या फोडी तिच्या पुढ्यात ठेवतात, आणि तिच्याशी फार जपून, फार गोड बोलतात. ती अवघडून जाते. परवा तिने मला हळूच विचारलं, "मामा, इथे सगळ्या नेहमीच इतक्या चांगल्या वागतात का हो?"

मी कागदात डोकं घातलं आणि म्हणालो, "हल्ली वागतात."